बूढापाऱ्याची दुसरी फेरी

वासुदेव बारापात्रे यांनी एकतीस वर्षं रुग्णवाहिका चालवली. पहिली वीस वर्षं गाडीत एक स्ट्रेचर, एक बाक आणि सलाईन टांगायला एक आकडा, एवढंच सामान होतं. पुढे रायपूर राजधानी झालं, रस्ते रुंद झाले, एका फोनवर येणाऱ्या गाड्या निघाल्या, त्यांत ऑक्सिजन आला आणि मागे शिकलेला टेक्निशियन बसू लागला. वासुदेवरावांचं चालवणं मात्र तेच राहिलं. हॉर्न कमी, ब्रेक त्याहून कमी. ‘जरा जोरात घ्या’ असं नातेवाईक म्हणायचे, ते त्यांनी एकतीस वर्षांत कधी ऐकलं नाही.

त्यांची एक सवय होती. खिशातल्या वहीत ते प्रत्येक खेपेच्या तीन वेळा लिहीत: फोन कधी आला, दारात कधी पोचलो, दारातून कधी निघालो. त्यातून त्यांना एक गोष्ट कळली होती. गाडीला उशीर रस्त्यात होत नाही, दारात होतो. कुलूप सापडत नाही, आजोबांची चप्पल सापडत नाही, कुणीतरी भिलाईच्या मेव्हण्याला फोन लावून बसलेलं असतं.

निवृत्त झाल्यावर वही कपाटात गेली आणि त्यांच्याकडे एकच खेप उरली. नातू आशय याला स्कूटरवरून शाळेत सोडायचं. मुलगा सुशील नव्या रायपूरच्या मंत्रालयात; तिथलं कामकाज सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं आणि कर्मचाऱ्यांच्या बससाठी त्याला लवकर निघावं लागे. सून देवश्री समता कॉलनीतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये, सातच्या पाळीला. त्यामुळे सकाळचा आशय हा आजी-आजोबांचा होता.

जुलैत डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन होऊन नजर बसेपर्यंत स्कूटरला हात लावायचा नाही. प्रेमलाबाईंना त्यात अवघड काहीच दिसलं नाही.

“भैय्यालालच्या ऑटोत जाईन ना तो. सारा पारा जाते.”

“फळीवर मी त्याले बसू देणार नाही.”

“मंग काय डोक्यावर घेऊन जाता?”

भैय्यालाल साहूच्या ऑटोत बूढापाऱ्यातली, म्हणजे त्यांच्याच मोहल्ल्यातली, आठ मुलं जात. पाच मागच्या सीटवर, एक समोरच्या आडव्या फळीवर, दोन भैय्यालालच्या दोन बाजूंना. आशय आला की नऊ होणार आणि नवव्याची जागा फळीवरच होती. निवृत्तीच्या आदल्या वर्षी वासुदेवरावांनी शहराबाहेर उलटलेल्या अशाच एका ऑटोतली मुलं उचलली होती. पाच जणांना लागलं होतं आणि ते पाचही फळीवरचे किंवा चालकाशेजारचे होते. त्यांतल्या एका मुलीचा हात कोपरात मोडला होता आणि ती वाटभर विचारत होती, मेरा टिफिन किसके पास है. ही गोष्ट त्यांनी घरी कधी सांगितली नव्हती. आताही सांगितली नाही. त्यांनी कपाटातली वही काढली.

भैय्यालालशी त्यांची ओळख पंचवीस वर्षांची. तो प्रेमलाबाईंना दीदी म्हणायचा, म्हणून वासुदेवराव त्याचे भांटो, म्हणजे बहिणीचा नवरा. पाऱ्यातल्या साऱ्याच बायका त्याच्या दीदी होत्या, त्यामुळे ऑटोतली सगळी मुलं त्याची भाचरं. छत्तीसगढात भाच्याला देवाचा मान. मामा वयाने कितीही मोठा असला तरी भाच्याच्या पाया पडतो. भैय्यालाल वर्षातून एकदा, परीक्षा संपली की, ऑटोतल्या सगळ्यांच्या ओळीने पाया पडायचा. मुलं फिदीफिदी हसायची. तो हसायचा नाही.

“दोन फेऱ्या कर,” वासुदेवराव म्हणाले. “पाच आधी, चार मागून. फळी काढून टाक.”

“दो चक्कर में गेट बंद हो जाही, भांटो. सात पच्चीस को ताला लगता है.”

“आता कितीले निघतं तू?”

“साढ़े छह.”

“आन् पोचतं कितीले?”

“सात बीस.”

“तीन किलोमीटरले पन्नास मिनिटं? माह्या गाडीत असता तर मानूस गेला असता.”

दुसऱ्या दिवशी ते ऑटोबरोबर निघाले. बसून नव्हे, चालत. पाऱ्यात गाडीचा वेगच असा होता की साठी ओलांडलेला माणूस हातात वही घेऊन सहज बरोबर राहत होता. ऑटो प्रत्येक दारात थांबे. भैय्यालाल उतरून आत हाक मारी. मूल एका मोज्यात बाहेर येई, दुसऱ्या मोज्यासाठी आत जाई. कुणाची पाण्याची बाटली, कुणाचा टाय, कुणाच्या वहीवर सही. एका दारात भैय्यालालला चहा मिळे. तो उभ्याने, बशीतून, मनापासून घेई. वासुदेवरावांनी आठवडाभर प्रत्येक दाराची मिनिटं आणि सेकंद लिहिले. त्या आठवड्यात आशयही त्याच ऑटोत, पण मागच्या सीटवर होता. तेवढ्यासाठी आजोबांनी एका मोठ्या मुलाला रोज कंपासपेटीतलं काही ना काही लाच म्हणून दिलं होतं.

रविवारी माया तिवारींच्या ओसरीवर आया जमल्या. मायाबाईंच्या दोन मुली ऑटोत होत्या आणि पाऱ्यात त्यांचा शब्द चाले. वासुदेवरावांनी हिशेब मांडला. रस्ता बारा मिनिटांचा. मुलं दारात न घेता बूढा तलावाच्या कठड्याजवळ एकाच जागी घेतली, तर पहिली फेरी पावणेसातला, दुसरी सात-दहाला. सात-दहाची मात्र सात-दहालाच निघायला हवी, कारण सव्वासातला पुढच्या चौकात मंत्रालयाच्या बसेस लागतात आणि मग ऑटो हलत नाही.

“याने कि हमारी बच्चियां सड़क पर खड़ी रहेंगी?” मायाबाईंनी विचारलं.

“तुम्ही बी उभ्या राहा ना त्यांच्यासंग.”

“और ये कागज में किसका कितना टाइम है, सबका लिखे हो? अपने घर का भी?”

“लिखा है. छह मिनट दस सेकंड. पूरे पारे में पहला नंबर.”

बायका हसल्या. प्रेमलाबाई हसल्या नाहीत. आशय ऑटोत बसल्यावर त्या वाटी घेऊन बाहेर येत आणि दोन घास तिथेच भरवत. ते त्या सहा मिनिटांत होते.

जादा फेरीच्या पेट्रोलचं दोन वाक्यांत मिटलं. अडून बसला तो भैय्यालाल. दारात गेलो नाही तर बहिणी म्हणतील, याला माज आला. आणि एखादं लेकरू मागे राहिलं तर? “भांचा ला छोड़ के कइसे जाहूं? पाप परही.” भाच्याला टाकून निघणं हे त्याच्या लेखी पाप होतं.

शेवटी मायाबाईंनी निकाल दिला. “एक हफ्ता देखेंगे. एक भी दिन गेट बंद मिला, तो पटिया वापस.”

म्हणजे एक दिवस चुकला की फळी पुन्हा लागणार, आणि तिच्यावर आशय बसणार. कंपासपेटीतल्या वस्तू संपत आल्या होत्या.

सोमवारी सगळे हौसेने आले. मंगळवारी दोन आया धावत आल्या, पण आल्या. वासुदेवराव कठड्याला टेकून घड्याळ बघत उभे असत. बस स्टँडवरच्या कंट्रोलरसारखे दिसता, असं एका आजोबांनी त्यांना ऐकवलं. त्यांनी मान हलवली आणि वेळ लिहिली.

बुधवारी सात वाजून नऊ मिनिटांनी दुसऱ्या फेरीची तीन मुलं बसलेली होती. चौथा आशय. सात-दहा झाले. गल्लीच्या तोंडाशी प्रेमलाबाई दिसल्या. एका हातात आशय, दुसऱ्या हातात वाटी. पराठ्याचा तुकडा त्याच्या तोंडाशी नेत, त्याला चावायला थांबत, त्या निवांत येत होत्या. आपलंच माणूस तिथे उभं आहे, गाडी कुठे जाते?

अंतर चाळीस पावलांचं होतं. वासुदेवरावांनी ते डोळ्यांनी मोजलं. धूसर दिसत होतं तरी पावलं त्यांना मोजता येत. चाळीस पावलं, त्या चालीने, दीड मिनिट. मायाबाई धाकट्या मुलीचा हात सोडून त्यांच्याकडे बघत होत्या. आज बारापात्र्यांच्या नातवासाठी दीड मिनिट, तर उद्या तिवारींच्या मुलीसाठी दोन, परवा कुणासाठी पाच. शनिवारपर्यंत गेट बंद.

“चल,” ते म्हणाले.

“भांचा आवत हे, भांटो.” भाचा येतोय.

“दिसून राहिला मले. चल.”

“दीदी मोला जिंदगी भर...”

“दीदीचं मी पाहून घेतो. तू चल ना बे!”

भैय्यालालने हात जोडले, ते नेमके कुणाला हे कळलं नाही, आणि ऑटो निघाली.

आशय कठड्याजवळ पोचला तेव्हा ती वळणाआड गेली होती. “आबाजी, ऑटो तो गया,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख अजिबात नव्हतं.

प्रेमलाबाईंचं तसं नव्हतं. “काहून जाऊ देल्ली? आपल्या नातवाले रस्त्यावर सोडलं तुम्ही? सारा पारा पाहून राहिला! मानूस हाय का काय हाय तुम्ही?”

“सात-दहा झाले होते.”

“आग लागो तुमच्या सात-दहाले!”

मायाबाईंनी मध्ये पडून सांगितलं की जाऊ द्या काकीजी, काकाजींनी सगळ्यांसाठी केलं. त्यावर प्रेमलाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मायाबाई काम आठवून घरी गेल्या.

पावणेआठला भैय्यालाल दारात. गेट सात-बावीसला ओलांडल्याचं त्याने उंबऱ्याबाहेरून, जमिनीकडे बघत सांगितलं. मग आत आला आणि पलंगावर कार्टून बघत बसलेल्या आशयच्या पायांवर डोकं ठेवलं. आशयने पाय वर घेतले. “मामा, गुदगुली होती है,” तो म्हणाला. प्रेमलाबाईंनी भैय्यालालला चहा दिला. दोन कप केले होते. दुसरा त्या स्वतः प्यायल्या. वासुदेवरावांना विचारलं नाही.

संध्याकाळी सुशील आल्यावर प्रेमलाबाईंनी त्याच्यामार्फत नवऱ्याला दोन वाक्यं पाठवली, तीही मिठाबद्दल. वासुदेवराव जेवले, वही उघडली, बुधवारच्या ओळीत ‘चार’ खोडून ‘तीन’ लिहिलं आणि बंद केली. रात्री आशय झोपल्यावर मात्र त्यांनी उलटलेल्या ऑटोची गोष्ट सांगितली. पाच मुलांची, कोपराची, टिफिनची. तीन-चार वाक्यांत सांगितली. प्रेमलाबाई आडव्या होत्या, पाठ करून. झोपल्या होत्या की जाग्या, ते कळलं नाही.

गुरुवारी वासुदेवराव साडेसहाला कठड्याजवळ पोचले, तर तिथे प्रेमलाबाई आधीच उभ्या. आशयला मोजे दोन, टाय गळ्यात, वाटी रिकामी. त्याची फेरी अजून चाळीस मिनिटांवर होती. नवऱ्याकडे त्यांनी बघितलं नाही. त्या गल्लीकडे बघत होत्या. पहिल्या फेरीच्या एका मुलाची आई रमतगमत येताना दिसली तशी त्यांनी तिथूनच आवाज दिला, “ओ बाई, जल्दी आव! ये आदमी किसी का नहीं है!”

ती आई पळत सुटली.