काकांच्या हातची कवळी

आमच्या काकांनी चाळीस वर्षं लोकांचे दात घडवले, पण उघड्या तोंडात कधी डोकावून पाहिलं नाही. ते डेंटल लॅबमध्ये कारागीर होते. डॉक्टर माप पाठवायचे, काका त्यावरून प्लास्टरचा जबडा ओतायचे आणि त्यावर दात बसवायचे. "माणूस कुरकुरतो, प्लास्टर कुरकुरत नाही," असं ते ऐटीत सांगायचे. आम्ही हसायचो.

काकूच्या खालच्या दाढा दोन्ही बाजूंनी गेल्या. दोन वर्षं ती आमची जेवणं उरकल्यावर स्वयंपाकघरात एकटीच जेवायची, चावताना कुणी बघू नये म्हणून. मग डॉक्टरांनी हाडात दोन स्क्रू बसवले आणि त्यांवर टक्कन बसणारी, रोज काढून धुता येणारी कवळी ठरली. ती अर्थातच काकांनी केली. पहिल्याच दिवशी काकूने आमच्या सगळ्यांसमोर सफरचंद कचाकचा चावून खाल्लं. डोळे भरून आले होते तिचे.

डॉक्टरांनी बजावलं होतं, दरवर्षी दाखवायला या. कवळीतल्या, स्क्रूला पकडून ठेवणाऱ्या नायलॉनच्या कड्या झिजतात, स्क्रूभोवतीचं हाडही तपासावं लागतं. काका म्हणाले, "सोनारानेच कान टोचलेले बरे, आणि सोनार घरातच बसलाय. कड्या मी बदलेन." काकू पुन्हा डॉक्टरकडे गेलीच नाही.

चौथ्या वर्षी कवळी हलायला लागली. काकांनी सैल कडी काढून मध्यम घातली, मग सगळ्यात घट्ट.

"अहो, काढताना ओढ बसते. रक्त येतं. बघा ना एकदा आत," काकू म्हणाली.

काकांनी कपाटातून तिचा प्लास्टरचा जबडा काढला आणि कवळी त्यावर दाबली. टक्क! "बघ, कशी चपखल बसते. तूच वाकडी घालतेस."

तो जबडा पहिल्या वर्षीचा. तिच्या तोंडातलं हाड मात्र दरवर्षी थोडं थोडं झिजत होतं. हे काकांना कळत नव्हतं असं कोण म्हणेल? परक्याची अशी कवळी दुरुस्तीला आली की 'आधी नवं माप पाठवा' म्हणून ते डॉक्टरांनाच फोनवर झापायचे. घरात मात्र उंटावरून शेळ्या हाकत बसले. मला त्यांचा राग येतो, आणि माझाही. काकूने मला विचारलं होतं, तेव्हा मीच म्हणालो होतो, "काका म्हणतात तर तसंच असेल."

नवव्या वर्षी एका सकाळी तिने बेसिनपाशी कवळी ओढली आणि डावा स्क्रू कवळीसकट हातात आला. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "उजवाही ढिला झालाय, काढावा लागेल. आणि दुसरे बसवायला आता पुरेसं हाडच उरलेलं नाही. वेळेवर आला असता तर वाचले असते."

काका चाचरत म्हणाले, "नवी साधी कवळी मी अशी करतो ना, की..."

"डॉक्टर, दुसऱ्या लॅबमधून करून घ्या," काकू म्हणाली.

दुसऱ्या लॅबमधून आलेली, उरलेल्या दातांना तारेच्या आकड्यांनी अडकवायची कवळी जेवताना हलते. काकू पुन्हा आमच्यामागून जेवायला बसते. परवा काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "दाखव ना जरा. कुठे टोचतं ते बघतो."

काकूने ताटावरून मान वर केली नाही. "पाच वर्षं तोंड उघडून तुमच्यापुढे उभी होते," ती म्हणाली. "आता जेवू द्या."