आडनावासकट

"मॅम, आईंना चपला काढायला सांगा ना. फ्रेममध्ये बरं दिसत नाही."

कॅमेऱ्यामागची मुलगी माझ्याशी बोलत होती. आई समोरच उभी होती, आमच्याच अंगणात. डोक्यावर मोळी. ती मोळीही आमची नव्हती, शेजारच्या काकीच्या दारातून उचलून आणलेली. आमच्याकडे गॅस आहे. पण गॅसची टाकी आदिवासी दिसत नाही ना.

त्याआधी साडी झाली होती. मुंबईहून माणसं येणार म्हणून आई ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. "जुनी नाहीये का? थोडी विटलेली?" तीच मुलगी. आई आत जाऊन भातलावणीला नेसते ती साडी नेसून आली. मी गप्प बसले. दारातली भावाची मोटरसायकल घरामागे न्यायला लावली, तेव्हाही गप्प बसले. का, ते सांगते.

मी पायलट आहे. मुरबाड तालुक्यातली, सिद्धगडाच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतली. आश्रमशाळेत शिकले, सरकारी शिष्यवृत्तीवर विमान उडवायला शिकले, एका कंपनीत लागले. को-पायलट, म्हणजे उजव्या खुर्चीतली. मग कंपनीची अर्धी विमानं उभी राहिली आणि आम्हा काही जणांना बिनपगारी रजेवर घरी धाडलं. रजा म्हणे. रजा माणूस मागतो. मला कुणी विचारलंही नव्हतं.

वर्षाहून जास्त घरी होते. भात लावलं, कापलं, झोडलं. वाडीतल्या बाया बांधावरून हसायच्या, "काय गो, इमान पंक्चर झाला काय तुजा?" त्यांचं हसणं मला चालायचं. त्या माझ्याबरोबर त्याच चिखलात उभ्या असायच्या. नातेवाईक मात्र डोक्यात जायचे. झाली हौस, आता लग्न उरका. आणि रोज डोंगरावरून मुंबईला उतरणाऱ्या विमानांचा आवाज. मी मान वर करायचे नाही. नुसती चिडचिड. आईवर ओरडायचे, मग ओरडले म्हणून स्वतःवर चिडायचे. पायलटचा हात बसून राहिला की जातो. पुन्हा परीक्षा द्यावी लागते, आणि फारच उशीर झाला तर कुणी विचारतही नाही.

मग कंपनीचा मेल आला, परत रुजू व्हा. मागोमाग जाहिरात खात्याच्या साहेबांचा फोन. एक छोटासा व्हिडिओ करायचाय. जंगलातली मुलगी, तिची आई, आकाशातलं विमान. बंधन नाही, म्हणाले, पण केलास तर तुझ्याच फायद्याचं.

माझा भाऊ मुरबाड-कल्याण जीप चालवतो. तो म्हणाला, "करून टाक गो. घटकाभर नाटक करायचा. आमी नाय रोज पॅशिंजरचं ऐकून घेत? टाइम झाला, जीप भरली, ईसरून जायचा."

तो चुकीचं बोलत नव्हता. म्हणून तर मी हो म्हटलं.

पण परत जायचं म्हणजे कुणात जायचं, तेही मला ठाऊक होतं. एका कॅप्टनबरोबर माझी बरीच उड्डाणं झाली. पहिल्याच दिवशी त्यानं आडनाव विचारलं. सांगितलं. "म्हणजे तुम्ही कुठले?" तेही सांगितलं. "अच्छा. कोट्यातून." वैमानिकाच्या लायसन्सला कोटा नसतो. पेपर सगळ्यांना तोच, तपासणारा तोच, आडवा वारा सगळ्यांना तेवढाच आडवा. हे मी त्याला बोलले नाही. मनात बोलले. माझी अर्धी नोकरी मनात बोलण्यातच गेली.

विमान निघण्याआधी आम्ही प्रवाशांना आमची नावं सांगतो. मी माईक उचलला तर म्हणाला, "फक्त पहिलं नाव सांग. आडनाव नको. लोक उगाच घाबरतात." आणि हसला. मी फक्त पहिलं नाव सांगितलं. त्या दिवशी, आणि नंतरही. दुसऱ्या कॅप्टनांबरोबर असताना, कुणी काही म्हटलेलं नसतानासुद्धा.

एकदा मुंबईला उतरताना खाली सिद्धगड दिसला. उन्हात स्वच्छ. विमान माझ्या हातात होतं, त्या दिवशीचं लँडिंगही माझंच ठरलेलं. न राहवून म्हणाले, "सर, तिथं खाली माझं घर आहे." त्यानं काचेतून बघितलं. "त्या जंगलात? दे इकडे, मी उतरवतो." आणि विमान माझ्याकडून काढून घेतलं. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. त्याचा राग येतोच. त्या मांडीवर ठेवलेल्या हातांचा जास्त येतो.

तर, चपला.

त्या म्हसा गावच्या जत्रेतल्या. नोकरी लागली त्या वर्षी मी आईला घेऊन गेले होते. तोवर तिनं सगळं रान अनवाणीच तुडवलेलं. करवंदं, लाकडं, मोहाची फुलं, सगळं त्या पायांवर. टाचांना भेगा. चपलावाल्यासमोर पाय पुढं करायला लाजत होती. आता रोज रात्री त्या खुंटीला टांगून ठेवते, कुत्रं नेईल म्हणून.

आई एका हातानं मोळी सावरत चप्पल काढायला लागली.

"आये, राहू दे."

"आसू दे गो. तुजी नोकरी हाय. माजं काय जातंय?"

दोन्ही काढल्या. आणि पायानंच बाजूला सारल्या, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा. तेवढं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

 माईकवर मी हेच करत आले होते. त्यांनी एकदा सांगायचं, पुढचं आम्ही आपणहून करायचं. माझ्या आधी आईनं, तिच्या आधी तिच्या आईनं. मी पुढं झाले. चपला उचलल्या, तिच्या पायाशी ठेवल्या.

"आये, चपला घाल."

कॅमेऱ्याबरोबर आलेले जाहिरात खात्याचे साहेब झाडाखालून उठले. "अगं, पाच मिनिटांचं काम आहे. कंपनी तुला परत घेतेय, जरा जाणीव ठेव." मुंबईत उजव्या खुर्चीतल्या पोरांनाही हा माणूस कॅप्टन म्हणतो. मला, अगं.

मी म्हटलं, "मोळी काकीला परत जाईल. आई हिरवी साडी नेसेल. मोटरसायकल दारात येईल. तसं घ्यायचं तर घ्या."

"मग त्यात स्टोरी काय राहिली?"

"मग निघा."

"तुझ्या जॉइनिंगचं पुन्हा बघावं लागेल."

"बघा."

गाडी गेली. भाऊ कपाळाला हात लावून बसला. "हातातला घालवलास ना." आईनं चपला घातल्या, मोळी काकीकडं टाकून आली. मग माझ्यासमोर उभी राहिली. "आता जाशील का नाय?"

जायला नकोच वाटत होतं. वाडीत निदान कुणी आडनाव विचारत नाही. सगळ्यांचं तेच. फोन वाजत नव्हता आणि मी धुमसत होते, भाकरी थापतानासुद्धा. पण मी गेले नाही तर तो कॅप्टन म्हणेल, बघा, टिकली नाही. आणि खरं सांगायचं तर मला विमान उडवायचंय. तेच मला नीट येतं. ते मी शिकलेय, कुणी ओंजळीत टाकलेलं नाही.

रुजू व्हा म्हणणाऱ्या मेलमध्ये व्हिडिओचा शब्द नाही. सोमवारी मी मुंबईला जाणार. घेतलं नाही तर का घेतलं नाही ते लिहून मागणार, आणि जिथं दाद मागता येईल तिथं मागणार. घेतलं तर माझ्या खुर्चीत बसणार. लँडिंग माझं असेल तर मी उतरवणार. कुणी हातातून काढून घेतलं तर खाली उतरल्यावर कारण विचारणार, मोठ्यानं, मनात नाही. जाणीव, उपकार, असलं काही माझ्याकडून मिळणार नाही.

आणि निघण्याआधी माईकवर पूर्ण नाव सांगणार. आडनावासकट. ज्याला भीती वाटेल त्यानं दार बंद व्हायच्या आत उतरावं.