बाजारातली तीन पायांची शेळी

रोज एक पान चित्र काढायचं, चांगलं येवो की वाईट, असं मी ठरवलं तेव्हा घरात कुणालाच त्यात विशेष वाटलं नाही. मी मंद्रूपच्या शाळेत गणित शिकवते. सोलापूरहून एसटीने जाते, एसटीने येते. चित्रकलेशी माझा संबंध फळ्यावर वर्तुळ काढण्यापुरता. पण एकदा वही घेतली आणि हाताला चटकच लागली. एसटीत डुलक्या घेणारी तोंडं, खिडकीतली बाभळ, शिक्षकखोलीतला माठ, जे समोर येईल ते. नियम एकच, पेनाने काढायचं. खोडायला गेलं की मी खोडतच बसते, हे मला माहीत होतं.

शाळेतल्या मराठीच्या बाई माझ्याबरोबरच ये-जा करतात. त्या माझी वही बघून रोज एकच प्रश्न विचारायच्या, "हे काय आहे?" मी सांगितलं की म्हणायच्या, "हां, सांगितल्यावर कळतंय."

त्या दिवशी बाजार होता. शाळा लवकर सुटली, बाई भाजी घ्यायला गेल्या आणि मी जनावरांकडे वळले. कडुनिंबाखाली एक मावशी शेळी घेऊन बसल्या होत्या. काळी कुळकुळीत शेळी, कपाळावर पांढरा ठिपका आणि चेहऱ्यावर असा भाव की बाजार तिनेच भरवलाय. मी उभ्याउभ्याच वही काढली.

"काय काढूलालाव बाई?" मावशींनी विचारलं.

"तुमची शेळी."

"काढा की! लई गुणाची हाय." त्यांनी पदराने शेळीचं तोंड पुसलं.

शेळी मात्र क्षणभर एका जागी उभी राहीना. कान काढला की मान फिरवायची, मान काढली की वळून पाठ करायची. तीन पाय कसेबसे कागदावर आले आणि चौथा काढतानाच तिने तो उचलून पोट खाजवलं. पेनाचं काम, खोडायची सोय नाही. पाय तसाच राहिला, वाकडा आणि अधांतरी.

तेवढ्यात पटकेवाले एक काका माझ्या मागे येऊन उभे राहिले. शेळी घ्यायच्या विचारात होते. त्यांनी वहीत बघितलं, शेळीकडे बघितलं, परत वहीत बघितलं.

"मावशी, हिचा मागचा पाय लंगडा हाय व्हय?"

"कोण म्हनतं?"

"बाईंनी काढलंय की. शिकलेलं मानूस, बघूनच काढलं आसंल."

मावशी ताडकन उठल्या. वही बघून त्यांचा चेहरा असा झाला की मला पळून जावंसं वाटलं. "अवो बाई, धडधाकट जनावर माजं! तीन पायावर उभं केलं व्हय तुमी?"

"मावशी, ती हलली. चूक माझी आहे, शेळीची नाही," मी म्हटलं. पण एव्हाना भोवती गर्दी जमली होती आणि वही हातोहात फिरत होती. कुणी म्हणालं लंगडी आहे, कुणी म्हणालं शेळी नव्हेच, कुत्रं आहे.

"चालवून दावा," काका म्हणाले.

मावशींनी दोरी सोडली. शेळी चालली नाही, सुटलीच! मेथीच्या जुड्यांवरून, बांगड्यांच्या दुकानासमोरून, एका सायकलखालून. मागे मावशी, त्यांच्यामागे काका, काकांच्या मागे पेन हातात धरून मी. भाजीची पिशवी छातीशी धरलेल्या आमच्या मराठीच्या बाई समोरून येत होत्या. त्यांनी काहीही न विचारता दिशा बदलली आणि आमच्यात सामील झाल्या.

शेळीने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उडी मारली. ट्रॉलीत कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. त्यांवरून चढत ती थेट शेंड्यावर गेली आणि तिथे उभी राहिली, चारी पाय रोवून, एकदम निश्चल.

मावशी धापा टाकत ओरडल्या, "बाई! आता काढा! चारी दिसत्यात!"

कुणीतरी माझी वही आणून दिली. सगळा बाजार वर बघत होता आणि मी काढत होते. हसून हसून डोळ्यांतून पाणी येत होतं. रेघा वेड्यावाकड्या आल्या, पण त्या शेळीचा तोरा जसाच्या तसा उतरला. मराठीच्या बाईंनी वाकून बघितलं आणि त्या म्हणाल्या, "अगं बाई, शेळी!" न सांगता त्यांना पहिल्यांदाच काहीतरी ओळखू आलं होतं.

काका खूश झाले. "घेतली मी," म्हणाले.

मावशी शेळीकडे बघत राहिल्या. "न्हाय इकायची," त्या म्हणाल्या. "आसली उडी हाय हिची, मलाच ठावं नव्हतं की!"

काकांनी खूप विनवलं. मावशी बधल्या नाहीत. मी ते पान त्यांना फाडून दिलं. त्यांनी ते काकांच्या नाकासमोर धरलं, मग घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवलं.

एसटीत आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचंही टाळत होतो. नजर भिडली की हसू फुटायचं. कंडक्टरने तिकीट विचारलं तर बाईंना उचकी लागली. हसू जरा ओसरल्यावर त्यांनी माझ्याकडे वही-पेन मागितलं. पुढच्या सीटवरच्या बाईचा अंबाडा त्यांनी इतका वेळ आणि इतक्या गंभीरपणे काढला, की सैफुलचा आमचा थांबा कधी गेला ते दोघींनाही कळलं नाही.