बरोबरची खूण

मावशी बावीस वर्षं काचेच्या खोलीत बसून दुसऱ्यांचं बोलणं बोलली. चार शेजारी देशांची एक कायमची बैठक आहे. सीमा, तस्करी, चुकून एकमेकांच्या हद्दीत शिरलेल्या होड्या असल्या भानगडी मिटवायला ही मंडळी वर्षातून दोनदा गोल टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाची भाषा वेगळी, म्हणून सभागृहाच्या भिंतीत चार काचेच्या खोल्या आणि प्रत्येकीत एक दुभाषी. नदीपलीकडचा मंत्री तावातावानं बोलायला लागला की आमच्या माणसांच्या कानात मावशी तावातावानं बोलायची. पंधरा मंत्र्यांचा राग मी काढलाय, ती म्हणायची, घरी काढायला शिल्लकच राहत नाही. यावर काका नुसतं वर्तमानपत्राचं पान उलटायचे.

मग तिचा डावा कान गेला. तिला वरच्या मजल्यावर तपासणीला बसवलं. लेखी भाषांतर झालं की कागद तिच्याकडे यायचा. ती मूळ मजकुराशी ताडून बघायची, चुका असल्या तर परत पाठवायची, नसल्या तर बरोबरची खूण करून खाली सही करायची. त्या सहीशिवाय कागद सभागृहात जात नसे. हुद्दा मोठा, खिडकीही मोठी. फक्त आवाज कुणी ऐकत नव्हतं.

तिच्या रिकाम्या खुर्चीत एकोणतीस वर्षांची एक मुलगी आली. तिला सहा महिने शिकवलं मावशीनंच. श्वास कुठे घ्यायचा, क्रियापद येईपर्यंत कसं थांबायचं, संतापलेल्या माणसाचा ताव द्यायचा पण थुंकी द्यायची नाही, सगळं. मुलगी एकदा ऐकलेलं विसरत नसे. शिवाय तिचा आवाज असा होता की पाण्याच्या टाकीची तक्रार केली तरी माणूस डोळे मिटून ऐकेल. मावशीनं घरी तिचं नाव ठेवलं मधाची बाटली. जेवताना मधाच्या बाटलीचा विषय निघाला नाही असा दिवस जात नव्हता.

सभागृहाच्या दारात कानात घालायची यंत्रं वाटणारा एक माणूस होता, त्याला सगळे कानवाला म्हणत. तो एकदा मावशीला सहज म्हणाला, की ह्या बाई आल्यापासून बैठक संपली तरी साहेब लोक कान परत द्यायला विसरतात. मावशी त्याच्याशी आठ दिवस बोलली नाही. त्याला बिचाऱ्याला वाटलं, बाईंना ऐकू आलं नसावं.

पण खरा घाव लिफ्टमध्ये बसला. आमच्या शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणजे निवृत्त फौजी, शब्द मोजून बोलणारे. ते बैठकीच्या सचिवांना म्हणाले, "आता कसं, ऐकत राहावंसं वाटतं." मावशी त्यांच्या मागेच उभी होती.

"आता," मावशी मला सांगत होती. "म्हणजे बावीस वर्षं मी काय त्यांच्या कानात खडे टाकत होते?"

त्याच महिन्यात बैठक होती, आणि विषय होता टेलिफोनचा. आदल्या वर्षी नदीत एक होडी भरकटून पलीकडे गेली, कुणी कुणाला विचारायच्या आत गोळी सुटली आणि एक मासेमार गेला. म्हणून चारही देशांच्या सीमाचौक्यांत एकमेकांना थेट फोन लावता यावा, असा ठराव व्हायचा होता. नदीपलीकडच्या प्रमुखांचं भाषण आधीच लेखी आलं. मुलीनं ते आपल्या भाषेत केलं आणि कागद मावशीकडे आला.

तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं: तुमच्या सीमेवरच्या गावांवर आम्ही लक्ष ठेवू.

त्यांच्या भाषेत लक्ष देणं आणि लक्ष ठेवणं याला एकच शब्द आहे. त्यांना म्हणायचं होतं, तुमच्या गावांकडे लक्ष देऊ, अडीअडचणीला धावून येऊ. मुलीनं घाईत दुसरा अर्थ उचलला होता. मावशीला हे वाचताक्षणी दिसलं. पेन्सिल त्या शब्दाखाली गेलीसुद्धा.

"आणि मला ते लिफ्टमधलं 'आता' ऐकू आलं," ती म्हणाली. "डाव्या कानात. जो बंद आहे त्यात."

तिनं बरोबरची खूण केली आणि सही केली. मी विचारलं, सही करताना तरी काही वाटलं नाही? तर म्हणाली, सही हातानं होते गं, त्याला डोकं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुद्दाम खाली गेली. कानवाल्याकडून एक यंत्र घेऊन उजव्या कानात घातलं आणि मागच्या बाकावर बसली. नदीपलीकडचे प्रमुख जाडजूड, हसतमुख गृहस्थ. ते प्रेमानं बोलत होते, आणि मुलगी तितक्याच प्रेमानं ते आमच्या कानात ओतत होती. तिसरा परिच्छेद आला. गावांवर आम्ही लक्ष ठेवू.

आमच्या प्रमुखांनी मान वर केली. शांतपणे विचारलं, "आमच्या गावांवर लक्ष ठेवणार?"

पलीकडच्या दुभाष्यानं हे आपल्या भाषेत नेलं, आणि त्याच्याकडे तर शब्द एकच. गृहस्थांचा चेहरा फुलला. त्यांनी छातीवर हात ठेवला, आणि मुलीच्या मधाळ आवाजात उत्तर आलं, "अर्थात. रात्रंदिवस."

आमच्या प्रमुखांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि फाइल बंद केली. बाकीच्या दोन देशांचे लोक आपापल्या कागदांत तोंड खुपसून बसले. बैठक थांबली. टेलिफोनचा विषय यादीतून काढायची चर्चा सुरू झाली.

"खोटं कशाला सांगू," मावशी म्हणाली, "पहिल्यांदा मला बरंच वाटलं. काचेत ती पांढरीफटक बसली होती, आणि मी मनात म्हटलं, आता काढ म्हणावं आवाज."

सचिवांनी दोघींना खोलीत बोलावलं. त्यांच्यापुढे तोच कागद होता, खाली मावशीची सही. ते काही विचारायच्या आधीच मुलगी बोलली. चूक माझी आहे, मॅडमनी मला तोंडी सांगितली होती, दुरुस्त करायचं माझ्याकडून राहिलं.

मॅडमनी काहीच सांगितलं नव्हतं. तिची नोकरी अजून कायम झाली नव्हती. एवढ्या कबुलीवर खुर्ची गेली असती. आभार मानायचं मावशीच्या डोक्यात आलं नाही. तिला वाटलं, आवाजात पुढे, वयानं पुढे, आता चांगुलपणातही हीच पुढे जाणार?

"ती खोटं बोलतेय," मावशी सचिवांना म्हणाली. "चूक मला दिसली होती. मी मुद्दाम ठेवली."

"का?"

"हिचा आवाज चांगला आहे म्हणून."

सचिवांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अशा कारणासाठी त्यांच्याकडे कुठला फॉर्म नव्हता. ते एवढंच म्हणाले, की ते नंतर बघू. आधी दोघी चला आणि निस्तरा.

लहान बैठकीच्या खोलीत दोन्ही प्रमुख एकमेकांकडे न बघता बसले होते. मावशी मध्ये उभी राहिली. इतक्या वर्षांत त्या लोकांसमोर ती पहिल्यांदाच स्वतःचं वाक्य बोलत होती.

"साहेब," ती आमच्या प्रमुखांना म्हणाली, "आई लेकराकडे लक्ष देते आणि पोलीस चोरावर लक्ष ठेवतो. यांच्या भाषेत आई आणि पोलीस एकाच शब्दात राहतात. यांनी आई पाठवली होती, आमच्या कागदातून पोलीस उतरला."

आमचे प्रमुख मिशीत हसले. मग मुलीनं तेच नदीपलीकडच्या भाषेत सांगितलं, आणि ते गृहस्थ इतके हसले की त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला. तासाभरात बैठक पुन्हा भरली. टेलिफोनचा ठराव त्याच दुपारी झाला.

"पण हसले कुणाकडे बघून?" मावशीनं मला विचारलं. "विनोद माझा होता ना?"

तिची सही वर्षभरासाठी काढून घेतली. मुलगी खुर्चीत राहिली. त्या दिवशी जिन्यात तिनं मावशीला गाठलं तेव्हा मावशीला वाटलं, आता ही 'का केलंत' म्हणून विचारणार. तिनं विचारलं नाही. भीतभीत म्हणाली, "मॅडम, मी तुमचं एक बदललं. पोलीस न म्हणता राखणदार म्हटलं. त्यांच्याकडे पोलिसाच्या नावावर कुणी हसत नाही."

मावशी दोन पायऱ्या उतरली आणि कठड्याला धरून थांबली.

"मी असते ना," ती मला म्हणाली, "तर पोलीसच म्हटलं असतं."