रूट कॅनल झालेल्या दाढेच्या जिवंत पेशी

मैत्रिणींनो, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

मनीषनगरातल्या एका दवाखान्यात गार्गीला, माझ्या दहा वर्षांच्या मुलीला, हलणारी दुधाची दाढ काढायला नेलं होतं. दाढ निघाली आणि तिथली बाई फॉर्म घेऊन आली.

"दात छतावर फेकायचे दिवस गेले, मॅडम. दाढेतल्या नसेच्या जिवंत पेशी आम्ही गोठवून ठेवतो. पुढे मुलीला मोठा आजार झाला तर कामी येतील."

विचार करून सांगते म्हटलं, तर म्हणाली, "उद्या मुलीनं विचारलं, काहून नाही ठेवली, तर काय सांगाल?"

खरं सांगते, घाबरले मी. पेन हातात घेतलं.

तेवढ्यात तोंडातला कापसाचा बोळा सांभाळत गार्गी म्हणाली, "आई, पण ह्या दाढेची नस तर यांनीच काढली होती ना, दिवाळीत?"

रूट कॅनल. त्याच खुर्चीत, त्याच डॉक्टरांनी केलेलं. मीसुद्धा विसरले होते. नसच नाही, तर हे गोठवणार काय होते?

डॉक्टर हातमोजे काढत राहिले. बाईनं फॉर्म ओढून घेतला आणि हळूच म्हणाली, "इतकं कोणी विचारत नाही, मॅडम."

चूक झाली, असं नाही म्हणाली. कोणी विचारत नाही, म्हणाली.

दाढ घरी आणली. गार्गीनं ती छतावर फेकली.

तुमच्यापैकी कोणी मुलांचे दात असे ठेवायला दिले असतील, तर आजच फोन करा. त्या दातात नस होती का, एवढंच विचारा. आपण विचारणार नाही, याच भरवशावर ते फॉर्म पुढे करतात.