हूक वर घ्यायचा नाही

काका आधी तुमची कॉलर धरायचे. मागून, न सांगता. तुम्ही काही विचारायला त्यांच्या अंगणात उभे असायचे आणि बघता बघता मातीत उताणे पडलेले असायचे. मग वरून त्यांचं तोंड दिसायचं, दाढीचे पांढरे खुंट आणि कपाळावर चढवलेला वेल्डिंगचा काळा चष्मा. "समजलं? वरून वढलं का मानूस उताना पडते," असं म्हणून ते तुम्हाला उठवायचे आणि आता कंबरेचा पट्टा धरून ओढायचे. तुम्ही दोन पावलं मागे यायचे, पण पडायचे नाही. ट्रॅक्टरला ट्रालीचा हूक कुठं बसवावा, याची शिकवणी इथं संपायची. ज्याला त्यानंतरही शंका असेल त्याच्यासाठी तीनच शब्द होते: "मंग मराले जा."

गोड माणूस म्हणून आठवावा असं त्यांच्यात काही नव्हतं. तुम्ही त्यांना ओळखत नव्हता, म्हणून तुम्हाला हसू येतंय. मी भिंतीला भिंत लावून राहिलो आहे. काका मँगनीजच्या खाणीत फिटर होते. रिटायर होऊन पवनीजवळच्या आमच्या गावी आले आणि आल्या दिवसापासून भांडले. माझ्या कोंबड्यांशी भांडले, पोस्टमनशी भांडले, साखर कमी म्हणून चहाशी भांडले. खिशात मोबाइल ठेवून वेल्डिंग पाहिलं की डोळे जातात, असं ते छातीठोक सांगायचे आणि ऐकलं नाही तर मोबाइल हिसकावून गोठ्यात ठेवायचे. पण हुकाच्या बाबतीत ते जे बोलायचे ते खरं होतं. गावानं मोबाइल आणि हूक एकाच टोपलीत टाकले, माझा राग त्याचा आहे.

आमच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, लहान, म्हणून गावात छोटे ट्रॅक्टर आले. चिखल करायला ते नामी. पण धान घरी आणायला ट्राली लागते, आणि ट्रालीला हूक लागतो. माझा हूक काकांनी बनवला. जाड पट्टी, मागच्या चाकांच्या आसाच्या खाली पक्की बसवलेली. पिन साखळीनं हुकालाच बांधून टाकली, कारण पिन हरवली की आपले लोक हाती लागेल ती सळई घालतात. प्रत्येक जोडावर हातोडा मारून त्यांनी कान लावला. एक जोड पसंत पडला नाही, तो कापून पुन्हा केला, आणि तेवढा वेळ मलाच शिव्या दिल्या. शेवटी पिन घातली, काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "जा." नुसतं जा. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, काका आज प्रेमानं बोलले.

मग माझ्या चुलतभावानं मोठ्या ट्रॅक्टरची जुनी ट्राली आणली. तिची दांडी उंच, याचा ट्रॅक्टर छोटा. ट्रालीची दांडी खाली घ्यायला हवी होती. पण दांडी कापली तर ट्रालीची शोभा जाते म्हणे. त्यापेक्षा हूक वर घेऊन द्या, असं तो काकांना म्हणाला. काकांनी त्याची कॉलर धरली. भाऊ नवी पॅन्ट झटकत उठला आणि तडक फाट्यावरच्या वेल्डरकडे गेला. त्यानं काही न विचारता हूक पार सीटच्या मागे, वर चिकटवून दिला.

दिवाळीनंतर मंडई, म्हणजे जत्रा, असते. आमच्या भागात मंडईचं नाटक म्हणजे घराला कुलूप लावून जायची गोष्ट. भावानं सगळी आळी ट्रालीत भरली. काका ट्रॅक्टरसमोर आडवे उभे राहिले आणि ओरडले, "उतरा खाली." बायका हसल्या. तेवढ्यात काकांना ट्रालीत काकी दिसली. नवं लुगडं, केसात फूल, मांडीवर मुरमुऱ्याची पिशवी. त्यांनी हळू आवाजात तिला उतरायला सांगितलं. तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"मी नाई उतरत," काकी म्हणाली. "जनमभर तुमचंच आयकलं. आज नाटक पायतो."

ट्राली गेली. काका माझ्या ओट्यावर बसून राहिले. चहा दिला तर साखरेबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पहाटे सगळे सुखरूप परत आले, नाटकातली गाणी म्हणत. आणि त्या दिवसापासून गाव त्यांच्या मागे लागलं. दिसले की कोणी तरी विचारायचंच, "काका, का झालं? काईच नाई झालं." पोरंसोरं एकमेकांच्या कॉलरी ओढून उताणी पडायची. काका शिव्या द्यायचे, मग तेही कमी झालं. वेल्डिंगची मशीन त्यांनी पोत्याखाली झाकून ठेवली. काही झालं नाही, हाच त्यांचा गुन्हा ठरला. तुम्हीच सांगा, अशा गावाचं काय करायचं?

काका गेले भर रोवण्यात, धानाची लावणी चालू असताना. सकाळी उठलेच नाहीत. माझ्या ट्रॅक्टरला चिखलाची लोखंडी जाळीची चाकं चढवलेली. ती रस्त्यावर चालत नाहीत. मी म्हणालो, जरा थांबा, चाकं बदलतो, माझी लहान ट्राली जोडतो. पण आभाळ दाटलेलं, सगळ्यांची रोपं बांधीवर पडलेली, कोणाला दम नव्हता. भाऊ आपला ट्रॅक्टर घेऊन आला. मदत करायलाच आला, ते मी नाकारत नाही. काकी दारातून म्हणाली, "त्या ट्रालीवर नोका नेऊ त्यायले." कोणी तरी तिला आत नेलं. मी भांडायला लागलो तर म्हाताऱ्यांनी मला गप्प केलं, मयताच्या दारात तमाशा नको म्हणून.

ट्रालीत ओली लाकडं, काका आणि वर चढून बसलेले दहा-बारा जण. मी मागून पायी चालत होतो. नदीकडे जाताना तलावाची पार, म्हणजे मातीचा बांध, चढावी लागते. अर्ध्या चढावर इंजिन ओरडलं आणि ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं जमीन सोडून वर आली. संथपणे, घोडा उभा राहतो तशी. भावानं क्लच दाबला आणि चाकं धाडकन खाली आली. ट्राली मागे घसरत गेली आणि पारीच्या कडेला बाभळीला अडली. सगळे उड्या मारून उतरले. काका एकटे ट्रालीत राहिले.

आणि कोणी तरी हसलं. म्हणालं, बुढ्याले जायचं नाई वाटते.

मी भावाला सीटवरून खाली ओढला. मागून, कॉलर धरून. तो उताणा पडला आणि माझ्याकडे पाहत राहिला, कारण पुढं कमरेचा पट्टा धरायचा असतो हे त्यालाही माहीत होतं. मी धरला नाही. हुकातली पिन उपसली आणि तलावात भिरकावली. ट्राली कशी नेऊ, असं तो विचारत होता. माझ्या तोंडून काकांचे तेच तीन शब्द निघाले, मयताच्या समोर, सगळ्या गावादेखत. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

काकांना आम्ही खांद्यावर नेलं. लाकडं ज्यानं त्यानं हातात घेतली. चिखलात पाय रुतत होते.

तुम्हाला वाटेल गाव सुधारलं. रोवणा संपायच्या आत भावानं नवी पिन आणली. हूक होता तिथंच आहे.

यंदाच्या मंडईला ट्राली पुन्हा भरली. सुरू झाली, आमच्या घरांसमोर आली आणि थांबली. मी बाहेर येऊन पाहिलं. काकी ट्रॅक्टरसमोर आडवी उभी होती, रोजच्या लुगड्यात, एक हात बोनेटवर ठेवून. ओरडली नाही.

"उतरा खाली," ती म्हणाली.

ट्रालीतून कोणी हललं नाही. इंजिन सुरूच होतं. मी ओट्यावरून उतरलो आणि तिच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.