काकांच्या दुकानाची किंमत उतरवताना

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. फक्त त्यामुळे इथे अमेरिकेत, टेक्सासच्या शुगर लँडमधल्या ओळखीच्या कुणालाही सरकारी कागद आला की फोन मला येतो.

मे महिन्यात काकांचा आला. काका-काकू माझ्या नात्यातले नाहीत. नोकरी लागल्यापासून मी त्यांच्या दुकानातून चकली-फरसाण आणते, तेवढंच नातं. दुकानाची जागा त्यांची स्वतःची. शेजारी नवं शॉपिंग सेंटर उभं राहिलं, म्हणून काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या कचेरीने, यंदा या जागेचीही किंमत भलतीच वाढवून धरली होती. किंमत वाढली की टॅक्स वाढतो.

"हे असंच राहिलं तर दिवाळीनंतर शटर खाली," काका म्हणाले.

"किंमत कमी करा म्हणून प्रोटेस्ट करू काका. तुम्ही दुकानाचे फोटो तेवढे काढून ठेवा."

हिअरिंगच्या आदल्या दिवशी दुकानात गेले, तर ताज्या रंगाचा वास. छतावरचा ओला डाग गायब, दाराला तोरण, बरण्या लखलखीत. फोटो तर लग्नाच्या अल्बमसारखे.

"काका, अहो, गळकं छत दाखवायचं होतं!"

"सरकारी माणसांना गळकं छत दाखवतात का? चार लोकांत लाज काढायची?"

"इतकी वर्षं झाली इथे," काकू आतून म्हणाल्या, "पण साहेब बघणार म्हटलं की यांचा हात झाडूकडे जातोच."

मला काकांवर रागावता येईना. शाळेतल्या बाई घरी येणार म्हटलं की माझी आई फाटकी सतरंजी उलटी अंथरायची.

मी समजावलं, की एक जानेवारीला जागा जशी होती तशी किंमत धरतात. त्या सुमाराचा फोटो हवा. काकूंनी फोनमधून संक्रांतीचा काढला. काउंटरवर तिळगुळाचं ताट, शेजारी गळतीखाली ठेवलेली निळी बादली, आणि वर छतावर हा एवढा डाग.

"हा अजिबात नाही द्यायचा. डिलीट कर," काका म्हणाले.

"करते हं," म्हणत काकूंनी तो मला पाठवून दिला.

मी प्रिंट काढून काकांच्याच हातात दिली. दुकान त्यांचं, ठरवायचंही त्यांनी.

दुसऱ्या दिवशी समोर निकाल देणारं तीन जणांचं पॅनेल होतं. काकांनी आधी नवे फोटो पुढे केले. पॅनेलवरच्या बाई म्हणाल्या, "किती सुंदर दुकान!" काका खुलले. मग काउंटीचा माणूस शांतपणे म्हणाला, की इतक्या उत्तम स्थितीतल्या जागेला आम्ही लावलेली किंमत योग्यच आहे.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी संक्रांतीची प्रिंट टेबलावर पालथी ठेवली. हात तिच्यावरून उचलवेना. मग त्यांनी ती सुलटी केली.

"हे जानेवारीतलं," ते इंग्रजीत म्हणाले. "छत गळतं. रंग मी नंतर लावला. तुम्ही बघणार होतात ना, म्हणून."

काउंटीचा माणूस हसला, पण आपुलकीने हसला.

किंमत उतरली. मागितली तेवढी नाही, पण शटर उघडं राहण्यापुरती उतरली.

"आता पेढे वाटा," गाडीत काकू म्हणाल्या.

"कशाचे पेढे? माझं दुकान हलकं आहे, असं तिघांनी ठरवलं त्याचे?"

काकांनी सीटचा पट्टा ओढून लावला. मग मला म्हणाले, "पण त्या बाई सुंदर म्हणाल्या ना गं?"

"म्हणाल्या की, काका."

"मग ठीक आहे. आता छतवाल्याला बोलवू."